रोटर

खारच्या गॅरेजात पंचेचाळीस वर्षं
ताडपत्रीखाली बसून होती पप्पांची डुक्कर फियाट.
"इंजिन बसलं," म्हणाले होते ते एका रविवारी,
हात धुतले, टॅक्सी मागवली,
आणि तो विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

आता इमारतच पाडायची आहे.
सोसायटीची नोटीस: गॅरेज मोकळं करा.
भंगारवाला वजनावर न्यायला तयार.
मी कुर्ल्याहून इब्राहिम परकारांना बोलावलं,
वय अठ्ठ्याहत्तर, कारखान्यात असताना ज्यांनी
हिच्या धाकट्या बहिणींची इंजिनं जुळवली.

त्यांनी बॉनेटवर हात ठेवला,
ताप बघावा तसा.
मग डिस्ट्रिब्युटरची टोपी उचलली.
"रोटर नाय हितं, बाय. कोणी काढलान?"
चोरी झाली असेल, मी म्हटलं.
त्यांनी दाराच्या गंजलेल्या कुलपाकडे पाहिलं, कधीही न फोडलेल्या.

प्लगच्या भोकांतून रॉकेल ओतलं, वर तेल,
आणि अकरा दिवस थांबलो.
रोज संध्याकाळी हँडलला थोडा जोर.
थोडाच. "जबरदस्ती नको. रुसलाय."
बाराव्या दिवशी क्रँक इंचभर हलला.
परकार डबा उघडून निवांत भाकरी खात बसले.

हेड उतरवलं. आत कार्बन,
पातेल्याच्या बुडाला करपलेल्या दुधासारखा.
आठही व्हॉल्व्ह मी घासले,
दांडी दोन्ही तळव्यांत फिरवत, रवीसारखी;
माझ्या आईनंसुद्धा कधी घरी ताक केलं नव्हतं.
गंजाचं एक कडं सोडलं
तर सिलिंडरला कुठे ओरखडा नाही.
"धावताना नाय बसलेलं हे," परकार म्हणाले.
"उभं राहून बसलं."

डॅशबोर्डच्या कप्प्यात पेट्रोलची वही.
पप्पांचं अक्षर मुंगीएवढं: तारीख, गॅलन, मग लिटर, मैल.
एकोणऐंशीच्या मार्चपासून आकडे वाढू लागतात,
किमतीनं नाही, उंचीनं.
मेमध्ये ओळ सोडतात.
शेवटची नोंद अर्धं पान व्यापून:
माहीम. सायकलवाला. लागलं नाही त्याला.

त्याच उन्हाळ्यात मला रोज पेपर
मोठ्यानं वाचायला बसवायचे.
तुझे उच्चार सुधारतील, म्हणायचे.

रोटर कुठेच मिळेना. ऑपेरा हाऊसला हसले.
चोरबाजारात एकानं तसलाच म्हणून
भलताच काहीतरी आठशेला दाखवला.
शेवटी परकारांनी फरशीवर खडूनं काढला:
अंगठ्याएवढा, तपकिरी,
डोक्यावर पितळेची जीभ.

बटणांचा डबा.
आईचा, बिस्किटांचा, झाकणावर हरणं असलेला.
व्यापार खेळताना भाऊ लाल बटण घ्यायचा
आणि मी ती तपकिरी, पितळेच्या मुकुटाची.
दोन हॉटेलं बांधली मी तिच्या जिवावर.
पप्पा खेळायला बसले की फासे आम्हांला वाचायला लावत,
सोंगट्या चाचपून ओळखत,
आणि माझी मुठीत
जरा जास्त वेळ धरून ठेवत.

परवा बसवला.
"फायरिंग ऑर्डर सांगा," परकारांनी परीक्षा घेतली.
एक, तीन, चार, दोन.
हिला मोजता येत नाही, पप्पा म्हणायचे,
तरी बघ, हिशेब चुकत नाही.
तिसऱ्या झटक्याला खोकली. पाचव्याला धरलं.
गॅरेजभर निळा धूर,
वॉचमन पाण्याचा पाइप घेऊन धावत आला.
तिसरा सिलिंडर अजून मिस करतो.
बघू.

जाताना परकार म्हणाले,
"रस्त्यावर लावणार ना? मग रात्री रोटर काढून ठेवा.
कोणी हलवू शकणार नाय."
काढला. गरम होता.
तो मुठीत घेऊन फाटकाशी आले,
डावा डोळा मिटला
आणि समोरच्या केमिस्टची पाटी वाचली.
मग उजवा.