तीन वाजून बारा

क्लाक्सविकच्या मच्छीमार संघात रात्री कुणी नसतं,
बर्फाचं यंत्र तेवढं घुरघुरतं.
सकाळी योरुन नोंदी उघडते:
तीन वाजून बारा. हानुस. चुकला.
तीन तेरा. हानुस. चुकला.
मग एकवीस नावांवर एकेकदाच,
चोरपावलांनी,
कुलूप सावध होऊ नये म्हणून.

ज्याला घाई नाही त्याच्याकडे शब्दांची पोती असतात:
कुत्र्यांची नावं, होड्यांची, बायकांची,
शेपटाला जन्मसाल डकवलेली.

मागच्या मंगळवारीच तिने हानुसला समोर बसवून
पासवर्ड बदलायला लावला.
चार शब्द, एकमेकांचे कुणी न लागणारे,
वर फोनवर येणारा आकडा.
म्हातारा पुटपुटला होता,
"तेवीस वर्षं तोच होता.
रोज सकाळी एकदा लिहायचो तिला."

आज टोपी हातात घेऊन तो दारात.
"रात्री त्यानं... तिचं नाव घालून पाहिलं का?"
"काय घातलं ते नोंदीत येत नाही, हानुस.
चुकला, एवढंच येतं."

तो धक्क्याकडे बघत राहिला.
"चुकला ना," म्हणाला. "बरं."
आणि टेबलाशी जाऊन
दोन बोटांनी, एकेक अक्षर हुडकत,
ते चार परके शब्द.