नळाची वही

सव्वानऊला मी कागद ओला करते.
मूग, नमुना चारशे बारा.
पन्नास बिया मांडते, गुंडाळी करते,
पंचवीस अंशावर उभी ठेवते.
सातव्या दिवशी उलगडायची. सहाव्या नाही.

ट्यूब बदला म्हणून मी तीन अर्ज दिले.
ती गुणगुणते.
बाकी कुणाला ऐकू येत नाही, म्हणजे गुणगुणत नाही,
असं साहेबांचं म्हणणं.
एका दुपारी इंगोलेने स्टूल घेतलं आणि ती काढूनच टाकली.
आभार मानायचे राहिले.
मंगळवारी आठवलं, मंगळवारी मानले.
कशाचे गं? म्हणाला.
मी तारीख सांगितली.

फॉर्मवर रकाने आहेत:
साधारण रोप, असाधारण रोप, कठीण बी, मेलेलं बी.
कठीण म्हणजे मेलेलं नव्हे.
त्याने पाणी आत घेतलेलं नसतं, एवढंच.
घाईत लोक ते मेलेल्यात मोजतात.
म्हणून शेवटची मोजणी माझ्याकडे असते.

भाचीच्या लग्नात डीजे लागला
तेव्हा मी मंडपामागे टँकरला टेकून बसले.
टँकर गार होता, आणि काही विचारत नव्हता.
त्यावर ज्या बाया पदराआड बोलल्या
त्याच आता संध्याकाळी दाराशी येतात,
"कुशे, नळ कधी यायलाय गं?"
जुन्या जालन्यात आमच्या गल्लीला पाणी
कधी आठव्या दिवशी, कधी अकराव्या.
माझी वही सहा वर्षांची आहे.
तारीख, वेळ, किती मिनिटं, पाण्याचा रंग.
गुरुवारी, चार ते पाचच्या मध्ये,
मी त्यांच्या हातातल्या घागरीकडे बघून सांगते.
घागर एका जागी असते. डोळे नसतात.

एकतिसाव्या वर्षी संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंनी
शब्द लिहून दिला: स्वमग्न.
आईने चिठ्ठी दोनदा वाचली, घडी करून
कुंकवाच्या डबीखाली ठेवली.
मी म्हटलं, शब्द चुकलाय.
स्वतःत मी फार कमी असते.
मुगात असते. वहीत असते. त्या ट्यूबमध्ये तर
दोन वर्षं होते.
बाई हसल्या. खोडलं मात्र नाही.

पाण्याआधी पाइपात हवा येते,
बारीक, सुईच्या नेढ्यातून फुंकल्यासारखी.
गल्ली झोपलेली असते.
मी उठते, दिवा न लावता घड्याळ बघते.
तीन सत्तेचाळीस.
वहीत लिहिते: तेरा मिनिटं लवकर, माझं चुकलं.
मग चपला न घालता
एकेका दाराची कडी वाजवत जाते.