शिळं पेट्रोल

ॲस्टोरियात नदी समुद्राला मिळते.
तिथंच, पुलाच्या सावलीत, माझे चार पंप.
ऑरेगनात गिऱ्हाइकानं नळीला हात लावायचा नाही
असा कित्येक वर्षं कायदाच होता,
म्हणून वास सगळा माझ्या हातांना.
बायको म्हणायची, तू अंधारातही ओळखू येतोस.

टोइनी लाहटी दर सोमवारी यायची.
शाळेची बस चालवून निवृत्त, खांदे अजून रुंद.
काच खाली न करता दोन बोटं दाखवायची: वीस डॉलरचं.
मागच्या जूनमध्ये नवी गाडी आणली,
टाकी काठोकाठ भरून घेतली
आणि मग आलीच नाही.

वाटलं, पडली असेल.
वाटलं, माझंच काही चुकलं.
नोव्हेंबरात तर मी पेपरातलं निधनाचं पान
आधी उघडायला लागलो.

मार्चमध्ये आली. धडधाकट, चिडलेली.
"डेल्बर्ट, ही बया आपोआप सुरू होते!
मी निघाले विजेवर, मांजराच्या पावलांनी,
आणि पोस्टाच्या वळणावर इंजिन गुरगुरलं.
बघ, काय लिहून आलंय."
बघितलं. पेट्रोल फार जुनं झालंय म्हणे,
गाडी ते स्वतःच जाळून संपवतेय.

जूनचं पेट्रोल. माझ्या हातचं.
शिळ्या कढीला ऊत, म्हणून हसलो,
आणि हसू घशातच राहिलं.

दवाखाना चार मैल, चर्च दोन,
शनिवारी सौना तापवणारी बहीण सहा मैलांवर.
रात्री गराजमध्ये वायर खोचायची, झोपायचं.
पेट्रोल फक्त स्पोकेनच्या नातवासाठी,
आणि नातू यंदा स्वतःच आला.

नऊ महिन्यांत चार गॅलन.
पूर्वी एका सोमवारचे एवढे व्हायचे.

माझा धाकटा, वेस्ली, दोन वर्षं
कुठल्याशा चिंचोळ्या आखातात युद्धनौकेवर होता.
टँकर सुखरूप जावेत म्हणून
रात्र-रात्र काळ्या पाण्याकडे बघत.
परतल्यावर एकदाच बोलला:
"बाबा, तुमच्या नळीचं दुसरं टोक बघून आलो."

तिची वीजही काही आभाळातून पडत नाही.
वर नदीला धरणं आहेत.
टोइनीचा बाप सांगायचा, धरणांआधी
सॅमन असे यायचे की जाळी फाटायची.
फुकट काही नसतं, हे मीटरवाल्याला कोण शिकवणार!
पण या नदीसाठी माझ्या पोराला
कुणी बंदूक देऊन उभं केलं नव्हतं.

"मग आता?"
"जाळू दे तिला," म्हटलं. "पुढच्या खेपेला पाव टाकीच भर."
हे मी म्हणालो. मी, ज्याचं पोट गॅलनांवर.

ती पुलाच्या चढाला लागली.
इंजिन कुठंतरी थांबलं असावं;
ऐकू येईना, तेव्हा लक्षात आलं.
खालून एक टँकर पोर्टलंडकडे चालला होता, सावकाश,
त्याला कसलीच घाई नव्हती.

बायको जाऊन आठ वर्षं झाली.
दिवे मालवल्यावर हात नाकाशी नेले.
अजून ओळखू येतो.