फक्त वाजत नाही

व्हर्ना निकलने फोन आणला माशांच्या खोक्यात.
"बोलता येतं," म्हणाली, "ऐकूही येतं.
फक्त वाजत नाही."

लूननबर्गला अशी तक्रार आता वर्षातून एखादी.
मी घाई करत नाही.
आधी पिवळी वायर.
सामायिक लाइनीच्या काळात ती जमिनीला जोडायचे,
एका तारेवर पाच घरं,
झ्विकरांकडच्या भांडणाला सगळी खाडी कान लावून.
आता जमिनीतून काही येत नाही.
पिवळी उचलून लालशेजारी बसवली
आणि दुसऱ्या टेबलावरून फोन लावला.

लोलक हलला. म्हणजे कॉइल जिवंत.
नुसता थरथरला, धक्क्यावर उभ्या माणसासारखा.
आवाज नाही.

आत पितळेच्या दोन वाट्या असतात.
त्यांचं भोक मधोमध नसतं, मुद्दाम;
वाटी जराशी फिरवली की लोलकाजवळ येते
किंवा लांब जाते.
नखाएवढं अंतर पुरतं.
फिरवायला बोट घातलं
तर बोटाला लोकर लागली.

निळी. विणलेली.
दोऱ्याने आवळून वाटीच्या पोटात ठासलेली.
चिमट्याने ओढली तर निघाला
हातमोज्याचा अंगठा.
दुसऱ्या वाटीत बाकीची चार बोटं.

व्हर्ना बघत राहिली.
"आईची गाठ आहे ही."
मग काउंटरच्या कडेवरून हात फिरवत,
"बोटीच्या मालकाचा फोन रात्री आला होता.
मी नऊ वर्षांची.
त्यानंतर आमचा वाजलाच नाही. आई म्हणायची, बिघडलाय.
तीच लावायची सगळ्यांना. रोज संध्याकाळी सहाला.
मामाला, इनिसला, शाळेतल्या बाईंनासुद्धा.
आहात ना, एवढंच विचारायची
आणि ठेवायची."

मी काही बोललो नाही. स्प्रिंग सैल खाचेत होती;
तशीच राहिली तर डायल फिरवताना घंटा टिणटिणते.
एक खाच घट्ट केली.
वाट्या पुसल्या, बसवल्या, झाकण लावलं,
पुन्हा दुसऱ्या टेबलाशी गेलो.

वाजला.
डब्यातले स्क्रू थरथरले.
व्हर्नाचा हात निम्म्या वाटेत थांबला.
चाचणीचा फोन उचलायचा नसतो,
हे मी तिला सांगायला हवं होतं.
सात वेळा वाजू दिला.
चार पुरतात.

अकरा डॉलर झाले.
तिने सुटी नाणी मोजून दिली,
आणि रिकाम्या झालेल्या कप्प्यात
अंगठा ठेवला.
चार बोटं टेबलावरच राहिली.
दुपारी लक्षात आलं.
नंबर होता माझ्याकडे.
सहा वाजेपर्यंत थांबलो.