दोनदा वर

खूण करायची राहिली.
डिस्ट्रिब्यूटर उपसून हातात आल्यावर आठवलं,
आतला रोटर कुठल्या दिशेला तोंड करून होता
ते मी बघितलंच नव्हतं.
खडू खिशात होता. खिशातच राहिला.

आन्सेल्मो तेचेरा दुरास्नोला गेलेले,
चुलतबहिणीच्या मयताला.
जाताना म्हणाले, तेल झिरपतंय, मिरेया,
गॅस्केट तेवढं बदल. बाकी कशाला हात लावू नकोस.
जसं काही बाकी कशाला हात न लावता
गॅस्केट बदलता येतं.

जुनं निघालं तुकड्यातुकड्यांनी,
काळं, कुरकुरीत.
नखानं खरवडलं, मग ब्लेडनं, मग रॉकेलच्या चिंधीनं.
नवं कुठून आणणार? एक्कावन्न सालच्या शेव्हरोलेचं गॅस्केट
सारांदी देल यीत कोण ठेवतं?
भिंतीवर गुरांच्या औषधवाल्याचं कॅलेंडर होतं,
जाड पुठ्ठा, त्यावर हेरफर्डचा वळू.
कानाजवळचा तुकडा कापला,
बैठकीवर धरून कडेकडेनं
हातोडीच्या गोल डोक्यानं ठोकत गेले, हळू,
आणि लोखंडानंच आपला आकार
पुठ्ठ्यातून कापून घेतला.

मग फ्लायव्हीलची खिडकी.
विजेरी मारून हँडल फिरवत राहिले
तोवर ती दिसली: चाकात ठोकलेली पोलादी गोळी,
मोहरीएवढी चमक, बरोबर काट्याखाली.
पहिला पिस्टन वर आला, म्हटलं, आता काय!
डिस्ट्रिब्यूटर आत सोडला.
तिरक्या दात्यांवरून तो वळत वळत उतरला
आणि अर्धं बोट वरच थांबला.
खाली तेलपंपाची खाच आडवी होती.
वरून दाबून उपयोग नाही, हे मला माहीत होतं.
तरी दाबलं.
मग हँडलला जरासा हिसका दिला,
टक्.
बसला तो, जणू तिथेच जन्मला होता.

एक, पाच, तीन, सहा, दोन, चार,
तारा लावल्या, स्टार्टर दाबला,
आणि कार्ब्युरेटरमधून असा बार उडाला
की कुत्रं थेट नदीपर्यंत पळालं,
आणि दोन्या ओदिला, पिकअप न्यायला आलेली,
चीजची टोपली पोटाशी धरून
दारातच उभी राहिली.
उद्याचा बाजार आहे, म्हणाली. बाकी काही नाही.

प्लग काढला. भोकावर अंगठा ठेवला.
हे पहिल्यांदाच करायला हवं होतं.
वरातीमागून घोडं.
पिस्टन दोनदा वर येतो.
एकदा पोटात हवा दाबून, ठिणगीची वाट बघत,
एकदा नुसता धूर बाहेर टाकून, रिकामा.
गोळी दोन्ही वेळा दिसते,
तितकीच चमकते, तितकीच खरी.
फरक फक्त अंगठ्याला कळतो:
दुसऱ्या फेऱ्यात आतून कुणीतरी
त्याला बाहेर ढकललं.

सगळं पुन्हा उपसलं. गॅस्केट फाटलं.
वळूकडे पाहिलं, म्हटलं, माफ कर बाबा.
या वेळी डोळ्याजवळचा तुकडा.
दोन्या ओदिलानं विजेरी धरली,
जुलैच्या वाऱ्यानं तिचा हात हलत होता
आणि उजेडही.

सुरू झालं तेव्हा कुणी काही बोललं नाही.
डिस्ट्रिब्यूटर केसभर डावीकडे, परत केसभर उजवीकडे,
अडखळणं गेलं, क्लँप आवळला,
त्यावर आता खडूची ठळक रेघ ओढली,
कुणाच्या उपयोगाची ते ठाऊक नाही.
बैठकीखाली बोट फिरवलं. कोरडं.

रात्रीच्या बसनं आन्सेल्मो आले,
काळा कोट, बुटांवर स्मशानातली माती.
पिकअप गेलेली, जमीन झाडलेली.
मी मातेचं पाणी तापत ठेवलं होतं.
त्यांनी भिंतीकडे पाहिलं.
वळूला कान नव्हता, डोळा नव्हता.

दोनदा? म्हणाले.
दोनदा.

कोट खिळ्याला अडकवला,
पहिला घोट स्वतः घेतला, तो कडूच असतो,
आणि दुसरा भरून माझ्याकडे केला.