बसतो, पण पुरतो का

खोक्यातून काढून तळहातावर ठेवला,
दोन काडेपेट्या शेजारी लावाव्यात एवढा.
पंचवीस वर्षं बिस्किटाएवढे प्रोसेसर बसवत आलो,
हा पहिलाच, ज्याला उचलताना
दुसरा हात आपोआप खाली गेला.

मगदूम मॅडमचा आहे.
त्या कृष्णेचं पात्र चौकोनांत कापतात,
औदुंबरपासून हरिपुरापर्यंत,
आणि कुठल्या चौकोनात पाणी किती चढेल
हे यंत्राला रात्रभर विचारत बसतात.

शेजारचा प्रज्योत म्हणाला,
पाण्यावरचा कूलर घाला की दादा, झंझटच नाही.
मी नुसतं भिंतीकडे बोट केलं.
कॅलेंडरच्या खिळ्यावर चार बोटं तपकिरी रेघ,
दोनदा रंग दिला, पुन्हा उमटते.
त्या ऑगस्टात सव्वीस मदरबोर्ड
मी गच्चीवर वाळवले होते, पापडासारखे.
एकही तळला गेला नाही.
या दुकानात पाणी आता येणार नाही.
नळीतून तर नाहीच.

तर मग हवा.
फळीवर होता एक: दोन मनोरे, तांब्याच्या सहा नळ्या,
दोन पंखे, वजन किलोभर,
सोबतच्या पिशवीत नवी पट्टी, नवे स्क्रू.
समोरासमोरचे कोपरे थोडे थोडे आवळत गेलो.
बसला.
बसला की, प्रज्योत म्हणाला.

मेहुण्याच्या बुटात माझाही पाय बसतो,
वरात दारात येईपर्यंत.

मॅडमचं गणित लावलं.
चौसष्ट गाभे एकदम जागे झाले.
साठ. अठ्ठ्याहत्तर. नव्वद.
पंचाण्णववर त्यानं स्वतःच पाय आखडले,
वेग निम्म्यावर.
पंखे जीव तोडून ओरडत होते
आणि मागून येणाऱ्या वाऱ्याला हात लावला
तर तो कोमटसुद्धा नव्हता.
खाली आग, वर निरोपच नाही.

उघडला.
मधोमध लेप पातळ, दाबलेला,
दोन्ही कडांना जाड, पांढरा, कुणी न शिवलेला.
तांब्याचं बूड जिथं संपलं तिथं एक रेघ.
मी उगाच भिंतीकडं पाहिलं.
आणि झाकणाखाली तापणारे तुकडे
नेमके कडेलाच,
पंगतीला उशिरा आल्यासारखे.

स्कूटरवर पुढ्यात ठेवून कुपवाडला नेला.
दस्तगीर शिकलगारनं व्हर्नियर लावला, चष्मा वर केला.
"बूड बारकं हाय ओ.
घासून आरसा करून देतो, त्यात मिशा कोरा,
पर घासल्यानं तांबं वाढतंय व्हय?"
मधे रुंद पट्टी घालू या का?
"घाला की. एक सांधा वाढला की एक चोर वाढला."
पैसे घेतले नाहीत. चहा पाजला, वर
कूलरच्या पात्यांवर बोट फिरवून म्हणाला,
काम झ्याक हाय, ह्याचा काय दोष न्हाई.

दोष नाहीच.
तो केला तेव्हा एवढं मोठं डोकं
कुणाच्या मापात नव्हतं.

मॅडमना फोन लावला, खरं ते सांगितलं.
चालेल. वीज कमी पाजली तर चालेल,
थंडीतल्या रात्री चालेल,
एप्रिलच्या दुपारी विचारू नका.
रुंद बुडाचा मिळतो, पुण्याहून, आठ दिवस लागतील.
तोवर गणित थोडं हलकं करा.

थोडा वेळ कीबोर्ड वाजला तिकडं.
"मग कुठले चौकोन काढू?"

मी म्हणालो, गावभाग ठेवा.

"गावभाग ठेवते. मग कुठले?"

मला नदी वरून कधी माहीत नव्हती.
मला ती फक्त कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत माहीत.
काही काढू नका म्हणालो,
सावकाश चालू दे.

आता तो जुनाच, निम्म्या वेगानं, दुकानात चालू आहे.
शटर अर्धं ओढून मी आत बसलोय.
त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर,
पुन्हा त्र्याहत्तर.
भिलवडीच्या अलीकडं आलाय,
आमच्यापर्यंत पोचायला
बहुतेक पहाट होईल.