दुधाच्या वहीची मागची पानं

आधी डावी टाच चादरीवर दोनदा घासते.
मग जबडा हलतो, सुपारी चघळावी तसा,
आणि अंगठा नि तर्जनी मिळून
तुटल्या धाग्याला गाठ मारू लागतात, हवेत.
एवढं झालं की मी पेन्सिल घेते.

लग्न होऊन वडगावात आले तेव्हा माहीत नव्हतं,
मागाच्या शेडमध्ये बारा बारा तास कुणी बोलत नाही,
बोललं तरी ऐकू जात नाही.
माणसं भुवईनं चहा मागतात,
बोटांनी पगाराचं विचारतात.
त्यात ह्यांचं नाव मोनाप्पा.
घरी आले की जेवण, बातम्या, भिंतीकडे तोंड.
बोलणं सगळं रात्री दोन-अडीचला,
आणि तेही माझ्याशी नाही.

कराडची मावशी म्हणायची,
झोपेत बोलणाऱ्याचा अंगठा धरावा,
विचारू ते खरं सांगतो.
धरला एकदा. विचारलं, कोण आहे ती?
म्हणाले, "अकरा नंबरचा धोटा बदला."

तेवढं एक मराठीत. बाकी कन्नड,
जी दिवसा "बाजारापुरती येते."
मंडळाच्या पाटीवर कुठलं अक्षर वर नि कुठलं खाली
यावरून घसा बसेस्तोवर भांडून आले,
त्या रात्रीसुद्धा
टाच घासली, गाठ मारली,
आणि बसलेल्या घशानं, हळू:
बागला तेगी.
बागला तेगी, अव्वा.

पुढून एक लिटर, दीड लिटर, खाडा.
मागून, वही उलटी धरून, बागला तेगी.
श्रावणात नऊ वेळा.
दसऱ्याच्या आठवड्यात रोज.
कुठलं बाईचं नाव सापडतंय का म्हणून
मी अक्षरं मागंपुढं करून पाहिली.

शेवटी वही घेऊन पलीकडे गेले.
नीलव्वा भाकरी थापत होती.
तिला नागरी वाचता येत नाही,
म्हणून मीच वाचलं, मोठ्यानं,
आणि वाचून झाल्यावर
दारात कुणी उभं आहे का ते पाहिलं.
परातीत तिचा हात थांबला.
"दार उघड म्हणतोय. आईला."

आई तर आमच्या घरात मालिका बघत बसलेल्या,
चंदगडच्या, धडधाकट,
कन्नडचा एक शब्द पोटात नाही.
"ही दुसरी गं. पैली हुक्केरीकडची.
मोनू तवा पाच वर्साचा, दाराभायेर,"
आणि पुढचं तिनं भाकरीला सांगितलं,
मला नाही.
तवा तापून धूर सोडायला लागला होता.

मी उठले. वही पदराखाली घेतली.
"आणि तुझं गं? तुझं बी लिवतीस का?"
माझं काय?
"एका विटेची भिंत हाय. मी ऐकतो की, रोज.
त्यो दार उघड म्हणतो,
की तू म्हणतीस, मलको, मलको."
तो शब्द मला येत नाही.
आजवर कधी कुणी मला शिकवलेला नाही.
"झोप, म्हणजे. लेकराला म्हणतात बघ, तसं."

घरी येऊन कोऱ्या तारखा मोजल्या.
ज्या रात्री हे काही बोलले नाहीत
असं मी धरून चालले होते, त्या.
बऱ्याच निघाल्या.

आता ह्यांच्याआधी झोप लागू नये म्हणून
पाण्याचा तांब्या उशाला घेऊन बसते,
तरी लागतेच.
सकाळी पेन्सिल पलंगाखाली.
माझी कुठली टाच आधी घासते,
माझी बोटं कशाला गाठ मारतात,
ते नीलव्वाला विचारून आले.
म्हणाली, भिंतीतनं तेवढं दिसत नाही.